तासाला बारा डॉलर

मिनेसोटातला जानेवारी, बाहेर उणे एकवीस.
भाषाविभागाच्या तळघरात हीटर खोकतोय.
माझं काम सोपं: खोटा विद्यार्थी व्हायचं.
पहिल्या बाकावर बसायचं, टोपी काढायची नाही,
आणि चौथ्या मिनिटाला हात वर करून
असं काहीतरी विचारायचं की समोरचा अडखळेल.
तासाला बारा डॉलर. वर कॉफी फुकट.

मार्लिस एंगेब्रेटसन मागच्या रांगेत.
मांडीवर तक्ता: उच्चार, ओघ, आघात, व्याकरण,
प्रत्येकासमोर शून्य ते पंधरा.
त्या पेन्सिलीनं लिहितात.
खोडरबर मात्र आणत नाहीत.

सकाळपासून चौघं झाले.
इस्फहानच्या एकानं समीकरण पाठ म्हटलं
माझ्याकडे एकदाही न बघता.
आक्राची मुलगी, जिची शाळा पहिलीपासून इंग्रजीतच,
विचारत होती, ही परीक्षा मला कशाला?
मार्लिसबाईंनी नियम वाचून दाखवला.
नियम वाचताना त्यांचा आवाज फार स्वच्छ लागतो.

पाचवी नोमिंदारी, उलानबातरची. विषय: घर्षण.
तिच्या तोंडात फ नाही.
फ्रिक्शन म्हणायला जाते आणि प्रिक्शन पडतं.
फोर्सचा पोर्स. फ्लोअरचा प्लोअर.
एकदा थांबली, खालचा ओठ दातांखाली धरला,
फुंकर मारली. फ आला.
पुढच्या वाक्यात परत गेला.
मागे पेन्सिल चालली.

तिनं फळ्यावर बूट रेखला, बुटाखाली बर्फ.
काल मी पडले, म्हणाली,
लायब्ररीच्या पायऱ्यांवर. दोनदा.
म्हणून तर इथली नगरपालिका वाळू टाकते.
वाळू अडवते असं वाटतं,
पण तिच्यामुळेच पाय पुढे पडतो.
हे तिनं तीन वेळा सांगितलं, तीन तऱ्हांनी,
मला कळतंय का ते बघत बघत.

चौथं मिनिट. मी हात वर केला.
प्रश्न कागदावर तयार होता, मार्लिसबाईंच्या अक्षरात:
फ्रिक्शन नसतं तर आपण चाललोच नसतो का?

आता ही गोष्ट मी अर्जात लिहिली नव्हती,
कुणी विचारलीही नव्हती.
फ माझ्याही तोंडात नाही.
म्हणजे आहे, पण एकदा आला की हलत नाही.
फ् फ् फ् फ्
जबडा अडतो, डोळे मिटतात, कान तापतात.
सहावीपासून लोक माझी वाक्यं पुरी करतात.
आई करते. बर्गरच्या खिडकीतली बाई करते.
मार्लिसबाईंनी तर मागे तोंड उघडलंही होतं.

नोमिंदारी थांबली.
हातात खडू, फळ्यावर अर्धा बूट.
घड्याळाकडे बघितलं नाही,
आणि मिनिटं तर तिचीच जात होती.
माझ्या ओठांकडेही नाही.
बर्फावरून कुणी सावकाश येताना दिसलं
की इथे लोक दार धरून उभे राहतात,
तशी उभी राहिली.

मी पोचलो. फ्रिक्शन, म्हणालो, आणि पुढचं सगळं.
छान प्रश्न आहे, ती म्हणाली,
आणि उत्तर दिलं, पुरतं,
पोर्सपासून प्लोअरपर्यंत.

निकाल शुक्रवारी.
मला कळायला नको, पण बेरजा मीच टाइप करतो.
पन्नास लागतात. तिला सेहेचाळीस.
या सत्रात तिला वर्ग नाही,
खाली बसून दुसऱ्यांच्या वर्गाच्या वह्या तपासायच्या.
शेरा असा: वेळेचं भान कमी.
प्रश्नाच्या वेळी लांब विराम.

मी तो शेरा टाइप केला. स्पेलिंग तपासलं.

सोमवारी मार्लिसबाईंच्या दाराशी गेलो.
तो विराम माझा होता, एवढंच सांगायचं होतं.
त्यांनी पेन्सिल खाली ठेवली,
मान तिरकी करून मायेनं हसल्या,
आणि माझं वाक्य माझ्याआधी पुरं केलं.

चुकीचं.